अनुभव धागा : तुमची वाचनखूण कोणती?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की दुपारी कूलरसमोर बसून वाचण्याखेरीज काही सुचत नाही. पण पाणी प्यायला उठावे, तर त्याच कूलरच्या वाऱ्याने उघड्या पुस्तकाची पाने भराभर उलटतात आणि आपण कुठवर आलो होतो हे शोधण्यात पाव तास जातो. गेल्या आठवड्यात हे तिसऱ्यांदा घडले, म्हणून विचारतो आहे. आपण कोणती खूण वापरता, ती कितपत उपयोगी पडते आणि कधी दगा देते, ते लिहावे. नुसते ‘मीही वापरतो’ एवढेच नको.

खापरी ते सीताबर्डी, रोजचा प्रवासी
मी मेट्रोचे तिकीटच पानांत ठेवत असे. उतरताना फाटकाशी तेच तिकीट लागते, हे रोज फाटकाशी गेल्यावरच आठवायचे. मागे रांग खोळंबलेली आणि मी पुस्तक झटकतो आहे, असा देखावा अनेकांनी पाहिला असेल. आता जुना बसपास वापरतो.

निवृत्त ग्रंथपाल, धरमपेठ
परत आलेल्या पुस्तकांतून मी केसांच्या पिना, गोळ्यांची रिकामी पाकिटे, आगकाडी आणि एकदा तर्री-पोह्यांचा तेलकट कागद काढला आहे. त्या तेलाचा डाग पुढच्या सहा पानांपर्यंत उतरला होता. लोखंडी टाचणी किंवा क्लिप पावसाळ्यात गंजते आणि तिचा तांबूस ठसा कायमचा राहतो. वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असल्यामुळे त्याची पट्टी वर्षानुवर्षे आत राहिली, तर समोरासमोरची दोन्ही पाने तेवढ्याच आकारात पिवळी पडतात. चिकटचिठ्ठी काढली तरी तिचा गोंद थोडा मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. पानाचा कोपरा दुमडणारे वाचक सर्वाधिक. नव्या पुस्तकात ते खपून जाते, परंतु जुना, ठिसूळ झालेला कागद दुसऱ्या-तिसऱ्या घडीला तुटतो. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची, शाई न उतरणारी, दोन बोटे रुंद आणि पुस्तकाबाहेर जेमतेम बोटभर डोकावणारी पट्टी कापावी. विकतच्या, गोंडा लावलेल्या जाडजूड खुणांनी पुस्तकाची शिवण ताणते, असे माझे मत आहे.

स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी
धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून घेतलेल्या जाड ग्रंथाच्या टिपा शेवटी आहेत. एक खूण मजकुरात आणि दुसरी टिपांत ठेवू लागल्यापासून मी टिपा खरोखर वाचते. पूर्वी पाने चाळण्याच्या कंटाळ्याने त्या सोडून देत असे. शिवाय पट्टीची वरची कड शेवटच्या वाचलेल्या ओळीशी लावते, त्यामुळे पानच नव्हे, परिच्छेदही सापडतो.

महाल
जाळी होईल या आशेने पिंपळाचे पान वर्षभर पुस्तकात ठेवले. त्याचा चुरा झाला. आधी ते पाण्यात कुजवून हिरवा भाग सोडवावा लागतो, हे नंतर कळले.

प्रतापनगर
आमच्याकडे एकच पुस्तक दोघे वाचतो. मी रात्री, पत्नी दुपारी. पूर्वी ती माझी पट्टी आपल्या पानावर सरकवून ठेवायची आणि त्यावरून वाद होई. आता माझी पट्टी निळी आणि तिची पिवळी आहे. पिवळी रोज चाळीस-पन्नास पाने पुढे असते, आणि जेवताना कथानकाविषयी काही विचारायचे नाही, असे ठरले आहे.