गढूळपणाचा मॉडबस सेन्सर हायपॅकमध्ये लाइव्ह कसा घ्यायचा?

धरमतर_फेरी

मंडळी, धरमतर खाडीत ड्रेजिंग चालू असताना उठणारा गाळ मोजायचं काम आहे. होडी फायबरची. जीपीएस आणि सिंगल बीम इकोसाउंडर (खोली मोजणारं यंत्र) लॅपटॉपवरच्या हायपॅक या सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरला जोडलेत, ते नीट चालतात. आता क्लायंटला गढूळपणाही त्याच स्क्रीनवर हवाय, लाइन मारता मारता, म्हणजे ठरलेल्या रेषेवरून होडी नेतानाच.

सेन्सर एका छोट्या कंपनीचा आहे, मॉडबसवर (उपकरणांनी आकडे द्यायची एक ठरलेली भाषा) चालणारा. जोडणी आरएस-४८५ वायरींची, ९६०० बॉड, ८-एन-१. जेनेरिक ड्रायव्हर लावला, कॉम पोर्ट निवडला, पण एक अक्षर येत नाही. त्या वायरी लॅपटॉपला जोडणाऱ्या कन्व्हर्टरचा दिवासुद्धा ढिम्म.

मॅन्युअल दोन पानांचं. त्यात ‘गढूळपणा ४०००१, फ्लोट’ (आकडा ठेवलेल्या खणाचा, म्हणजे रजिस्टरचा, क्रमांक आणि दशांश आकड्याचा प्रकार) यापलीकडे काही नाही. मॉडबस तपासायच्या फुकट टूलने वाचलं तर बादलीतल्या पाण्यात १६७१० आणि २६२१४ असे दोन आकडे येतात. त्यांचा फ्लोट करून दाखव म्हटलं की २.७१८ गुणिले दहाचा तेविसावा घात! एवढा गाळ अख्ख्या अरबी समुद्रात नसेल. सेन्सर परत पाठवू का? उधाण तोंडावर आलंय आणि तांडेलाला तारखा देऊन बसलोय.

बंदरकाठ

आरएस-४८५च्या ए आणि बी वायर उलट लावून बघा. काही कंपन्यांची खूण उलटी असते. आमच्याकडे दर वेळी तेच निघतं.

लंबरेषा

ए-बी नाही हो. टूलला उत्तर मिळतंय म्हणजे वायर बरोबर आहे. सेन्सरही ठणठणीत आहे, परत पाठवू नका.

ते दोन आकडे सोळाच्या पायात लिहा. १६७१० म्हणजे ४१४६, आणि २६२१४ म्हणजे ६६६६. एकापुढे एक ठेवले की ४१४६६६६६. हा ३२ बिटांचा फ्लोट म्हणून वाचला की बरोबर १२.४ येतो. बादलीत १२.४ एनटीयू (गढूळपणाचं एकक), खाडीच्या पाण्याला अगदी शोभेसं. तुमचं टूल दुसरं रजिस्टर आधी घेतंय, म्हणून ६६६६४१४६ आणि तो राक्षसी आकडा. टूलमध्ये ‘वर्ड स्वॅप’ किंवा तशा नावाचा पर्याय असेल, तो बदला. मॉडबस १९७९ सालचा, तेव्हा त्यात फ्लोट नव्हताच. सोळा बिटांच्या दोन खणांत तो कसा भरायचा हे ज्याने त्याने आपापल्या मनाने ठरवलं. आणखी एक, मॅन्युअलमधला ४०००१ प्रत्यक्ष मागताना शून्य पत्त्याने मागायचा असतो. टूल ती वजाबाकी स्वतः करतं, तुमच्या स्क्रिप्टमध्ये ती तुम्हाला करावी लागेल.

आता हायपॅक गप्प का? जेनेरिक ड्रायव्हर कान लावून बसतो, पलीकडून ओळ आली की वाचतो. मॉडबस सेन्सर विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि उघडलं तरी बायनरीत बोलतो. दोघेही एकमेकांची वाट बघत बसलेत. मध्ये एक दुभाष्या घाला. पायथॉनची तीस-चाळीस ओळींची स्क्रिप्ट पुरे: सेकंदाला एकदा रजिस्टर विचार, फ्लोट कर, साधी ओळ बनव, ‘टर्ब,१२.४,२८.६’ अशी (शेवटचं तापमान), आणि यूडीपीने (नेटवर्कवरून संदेश पाठवायची साधी पद्धत) त्याच लॅपटॉपवर १२७.०.०.१ ला पाठव. ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ (ओळ संपल्याच्या खुणा) दोन्ही हवेत, नाहीतर ड्रायव्हर ओळ संपायची वाट बघत बसेल. साध्या ओळीऐवजी एनएमईएचा (जहाजावरच्या उपकरणांच्या ओळींचा ठरलेला साचा) एक्सडीआर वापरायचा हट्ट असेल तर चेकसम घाला: डॉलर आणि तारा यांच्यामधल्या सगळ्या अक्षरांचा एक्सॉर. तो चुकला की बरेच ड्रायव्हर न सांगता ओळ टाकून देतात.

टूल बंद करूनच स्क्रिप्ट चालू करा, एका पोर्टवर दोघे बसत नाहीत. आणि सर्वात महत्त्वाचं: सेन्सरने उत्तर दिलं नाही तर स्क्रिप्टने काहीही पाठवू नये. जुना आकडा पुन्हा नको, शून्य तर मुळीच नको. केबल निघालेली असताना नकाशावर स्वच्छ पाणी दिसणं यासारखी वाईट गोष्ट नाही.

गाळमापक

मुळात हे सगळं हायपॅकमध्ये कोंबायचं कशाला? सेन्सर वेगळा लॉग करा, लॅपटॉपचं घड्याळ जीपीएसवर लावा, घरी येऊन वेळेवरून जोडा. होडीवर जितकी जोडाजोडी कमी तितकं बरं.

लंबरेषा

नुसता अहवाल द्यायचा असता तर मीही हेच सांगितलं असतं. पण इथे गाळाचा लोट कुठे चाललाय हे बघून पुढची लाइन ठरवायचीय, ते घरी येऊन कळून काय उपयोग? शिवाय हायपॅकच्या रॉ फाइलमध्ये एमएसजीची ओळ पडते: उपकरणाचा क्रमांक, मध्यरात्रीपासूनचे सेकंद, मग तुमचा मजकूर. पोझिशन आणि खोलीच्या ओळींनाही तेच घड्याळ, म्हणजे जोडायचं काम आपोआप झालं. हवं तर स्क्रिप्टमधूनच वेगळी फाइलही लिहा, दोन्ही राहू देत.

क्लायंट मिलिग्रॅम प्रति लिटर मागेल, तेव्हा गुणक ड्रायव्हरमध्ये भरू नका. एनटीयू जसा आहे तसा लॉग करा. त्याच खाडीतल्या पाण्याचे नमुने गाळून, वाळवून, वजन करून जे नातं निघेल ते नंतर लावा. उधाणाला वर येणारा गाळ आणि भांगाला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) तरंगत राहिलेला बारीक गाळ यांचं नातं एकच निघेल असं धरून चालू नका.

धरमतर_फेरी

वर्ड स्वॅप केलं आणि १२.४ आलं! स्क्रिप्टही चालली, हायपॅकमध्ये आकडा हलतोय. लंबरेषा दादा, तुम्हाला एक चहा लागू. फक्त ड्रेजरच्या मागून जाताना डोळ्यांना पाणी गढूळ दिसतं आणि आकडा बराच पुढे गेल्यावर चढतो. ऑफसेट बदलू का?

लंबरेषा

ऑफसेटला हात लावू नका. तो अँटेनापासून सेन्सरच्या काठीपर्यंतचा, फीत लावून मोजलेला असतो, तो तसाच राहू दे. हा उशीर सेन्सरच्या आतल्या सरासरीचा असणार. दहा सेकंदांची सरासरी असेल तर चार नॉटने, म्हणजे सेकंदाला दोन मीटरने जाताना, वीस मीटर पाणी एकाच आकड्यात मिसळतं. सरासरी सेटिंगमधून कमी करा.

खोलीच्या कामात उशीर मोजायला तळाच्या खडकावरून तीच लाइन उलट दिशेने मारतात, ती पद्धत उरलेल्या उशिरासाठी इथे चालणार नाही. खडक जागचा हलत नाही, गाळाचा लोट ओहोटीबरोबर तुमच्याआधी पुढे गेलेला असतो. त्यापेक्षा धक्क्यावर दोन बादल्या घ्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत चिखल कालवलेलं. सेन्सर एकीतून दुसरीत बुडवताना हायपॅकचं घड्याळ टिपा आणि एमएसजीच्या ओळीत आकडा कधी उडी मारतो ते बघा. दोन्ही दिशांनी करून बघा, चढताना आणि उतरताना उशीर सारखा असेलच असं नाही. बुडवताना भिंगावर बुडबुडे राहिले तर स्वच्छ पाणीही गढूळ दाखवेल, म्हणून बुडवल्या बुडवल्या एकदा झटका द्या.