अनुभव धागा: जर्मनीतून थेट अमेरिकेतल्या छोट्या गावात

जर्मन कंपन्यांनी अमेरिकेत गाड्यांचे मोठे कारखाने काढले ते महानगरांपासून लांब. बीएमडब्ल्यूचा साउथ कॅरोलायनात ग्रीअरजवळ (१९९४ पासून गाड्या निघतात), मर्सिडीजचा अलाबामातल्या व्हान्सला (१९९७ पासून). त्यामुळे म्युनिक-स्टुटगार्टहून निघालेलं कुटुंब उतरतं ते बस नसलेल्या, कोपऱ्यावर बेकरी नसलेल्या गावात. या कुटुंबांत हल्ली मराठी सुना-जावई असतात, जर्मनीत मुरलेले मराठी इंजिनियर असतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या जर्मन माणसांसाठी हा धागा. आपबीती नको. काय करायचं, किती, कशाने अडतं एवढंच लिहा. 'लोक फार हसतमुख आहेत' हे सगळ्यांना माहीत आहे.

कागदपत्रं, साउथ कॅरोलायना

जर्मनीत घर बदललं की दोन आठवड्यांत आनमेल्डुंग (नव्या पत्त्याची सरकारी नोंदणी), आणि पुढचं सगळं त्या एका कागदावर चालतं. इथे तसली कचेरीच नाही. तुम्ही गावात राहता हे वीजबिल आणि भाडेकरार सांगतात. म्हणून वीज-पाण्याची जोडणी स्वतःच्या नावावर घ्या, घरमालकाच्या नावावर राहू देऊ नका. नवरा-बायको दोघांची नावं घाला, नाहीतर परवान्याच्या वेळी एकाकडे पत्त्याचा पुरावाच नसतो.

निघण्याआधी आबमेल्डुंगचा (पत्ता सोडल्याच्या नोंदीचा) कागद हातात घ्या. तिकडचे विमे, इंटरनेट, जिमचे करार मोडताना तोच मागतात.

आल्यावर आधी आय-९४ची (अमेरिकेत शिरल्याची सरकारी) नोंद उतरवून घ्या, नाव आणि व्हिसाचा प्रकार तपासा, मग सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा अर्ज, एसएस-५, भरा. जर्मन नावांत इथे हमखास घोळ होतो. पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनाच्या ओळीत 'म्युलर'मधल्या दोन टिंबांच्या यूचे यू आणि ई होतात, पण खिडकीवरचा माणूस टिंबं सोडून नुसता यू टंकतो. मग सोशल सिक्युरिटीत एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, आणि परवान्याच्या संगणकावर पडताळणी फसते. यंत्राच्या ओळीतलं स्पेलिंग धरा आणि सगळीकडे तेच लिहून द्या, तोंडी सांगू नका.

आनमेल्डुंग नाही म्हणजे पत्ता कुणाला कळवायचा नाही असं मात्र नाही. जवळपास सर्वच परदेशी नागरिकांना, ग्रीनकार्डवाल्यांनाही, घर बदलल्यापासून १० दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरावा लागतो. हा ऑनलाइन भरता येतो, फुकट आहे, आणि तरी बहुतेक जण विसरतात.

गाडी आणि परवाना

जर्मन परवान्याबद्दल प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. टेक्सास आणि साउथ कॅरोलायनात लेखी व चालवण्याची परीक्षा न देता बदलून मिळतो, डोळे तपासतात. इतरत्र काही ठिकाणी लेखी, काही ठिकाणी दोन्ही. सवलत नागरिकत्वावर नाही, परवाना कुठला यावर आहे. म्हणजे जर्मनीत फ्युररशाइन (जर्मन परवाना) काढलेल्या मराठी माणसाला ती मिळते, आणि भारतीय परवाना जपून ठेवलेल्याला पहिल्यापासून परीक्षा.

पेट्रोलपंपावर सावध. जर्मनीत डिझेलची नळी बहुधा काळी; अमेरिकेत डिझेलचा दांडा बहुतेक ठिकाणी हिरवा, आणि हिरवं म्हणजे पेट्रोल ही सवय हाताला लागलेली असते. रंग बघू नका, अक्षरं वाचा. ऑक्टेनचा आकडाही वेगळ्या पद्धतीने मोजतात: जर्मन ९५ म्हणजे इथलं साधारण ९१, त्यामुळे ८७ बघून घाबरायचं कारण नाही, गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते पाळा. टायरची हवा पीएसआयमध्ये: २.४ बार म्हणजे ३५.

पिवळी शाळेची बस लाल दिवे लावून थांबली की दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्यानेही थांबायचं. जर्मनीत हळू करून पुढे जाता येतं, इथे मोठा दंड. चारही बाजूंना स्टॉप असेल तर जो आधी थांबला तो आधी निघतो. 'उजवीकडचा आधी' फक्त एकदम पोचल्यावर.

वीज आणि उपकरणं

कंटेनर भरण्याआधी हे वाचा. जर्मनीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. इथे भिंतीत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. चार्जरवर '१००–२४०' लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदला. लॅपटॉप, फोन, बराचसा कॅमेरा-संसार यात येतो. बाकी मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायर, व्हॅक्यूम विकून या. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज वाढतं, हर्ट्झ बदलत नाहीत. मोटर वेगळ्या गतीने फिरते, आणि मेनवर चालणारं जुनं घड्याळ तासाला बारा मिनिटं पुढे धावतं.

किटली मंद का, याचं उत्तर साधं गुणाकाराचं आहे. १५ अँपियर गुणिले १२० म्हणजे १८०० वॅट, आणि सतत चालणाऱ्या भारासाठी त्याच्या ८० टक्केच, १४४० धरायचे. म्हणून इथल्या किटल्या १५०० वॅटच्या, जर्मन २००० ते २४००च्या. त्याच सर्किटवर टोस्टर लावला की ब्रेकर पडतो. दोन वेगवेगळ्या सर्किटचे सॉकेट कुठले ते ब्रेकरच्या पेटीवर लिहून ठेवा.

दिवे मात्र आणा. झुंबर, टेबललॅम्प यांची पिन बदलून १२० व्होल्टचा बल्ब लावला की काम होतं; इथला ई-२६ बल्ब जर्मन ई-२७ होल्डरमध्ये बसतो. भाड्याचं घर असेल तर छताच्या वायरिंगला हात लावण्याआधी मालकाची परवानगी घ्या.

स्वयंपाकघर (हा प्रतिसाद लांबणार आहे, कारण जर्मन माणूस पगारापेक्षा पावावरून जास्त उदास होतो)

पिठापासून सुरू करू. जर्मन पिशवीवरचे ४०५, ५५०, १०५० हे आकडे १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचे मिलिग्रॅम आहेत. अमेरिकन पिशवीवर राख नसते. प्रथिनांचं प्रमाण बघा. केकच्या ४०५साठी पेस्ट्री फ्लॉर, ५५०साठी ऑल-पर्पज, १०५०साठी ऑल-पर्पज आणि होल व्हीट निम्मं-निम्मं. राईचं (राय या धान्याचं, मोहरीचं नव्हे) पीठ गावातल्या सुपरमार्केटात जेमतेम एक पिशवी असते, तीही जाडसर. ऑनलाइन 'मीडियम राय' मागवा.

मिश्र राई पाव, एक किलोच्या आतला: राई ३५० ग्रॅम, ब्रेड फ्लॉर १५०, पाणी ३६०, मीठ १०. आदल्या रात्री १७५ राई, १७५ पाणी आणि २० ग्रॅम विरजण (आंबवलेल्या पिठाचं, दह्याचं नव्हे) कालवून २४ ते २६ अंश सेल्सिअसला १४-१६ तास ठेवा. सकाळी उरलेलं सगळं घालून मंद गतीवर पाच-सहा मिनिटं नुसतं मिसळा. मळत बसू नका. राईत गव्हासारखी ताण धरणारी जाळी तयार होत नाही, पीठ चिखलासारखंच राहणार. अर्धा तास थांबा, ओल्या हाताने साच्यात भरा, वर थोडं कोरडं पीठ पेरा, तास-दीड तास फुगू द्या. वर पेरलेल्या पिठाला भेगा दिसल्या की ओव्हनमध्ये. ४८० फॅरनहाइटवर वाफेसह १५ मिनिटं, मग ४०० वर ४० मिनिटं. आतलं तापमान २०५ ते २०८ फॅरनहाइट हवं. दुसऱ्या दिवशीच कापा.

आत गिचका झाला तर तीन कारणं. विरजण पुरेसं आंबट नव्हतं: राईत स्टार्च फोडणारं एन्झाइम जोरात असतं, त्याला आंबटपणाच आवरतो. किंवा गरम असताना कापला. किंवा गावच्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन आहे आणि विरजण अशक्त झालंय. क्लोरामाइन साध्या क्लोरीनसारखं रात्रभर उघडं ठेवून उडून जात नाही, कार्बन फिल्टर लावा.

क्वार्क, म्हणजे जर्मन मऊ ताजं चीज. बहुतेक गावांत मिळत नाही, आणि क्रीम चीज हा त्याचा पर्याय नाही, त्यात तिसरा हिस्सा स्निग्धांश असतो. जर्मन डब्यावर '४०' लिहितात ते कोरड्या भागातलं प्रमाण, एकूण वजनात साधारण ११ टक्के. घरी करा: अर्धा गॅलन कल्चर्ड बटरमिल्क (आपल्या ताकासारखं पातळ नसतं, दाट असतं) झाकलेल्या भांड्यात १५० फॅरनहाइटच्या आसपास ८ ते १० तास. बऱ्याच ओव्हनचा सगळ्यात खालचा आकडा १७० असतो, तेव्हा तापवून बंद करा आणि मधूनमधून पुन्हा तापवा. पाणी सुटलं की मलमलीत रात्रभर टांगा. जास्त तापलं तर रवाळ होतं. मराठी घरात एवढा खटाटोप करायची गरज नाही. घट्ट टांगलेला चक्का केजकूखनमध्ये (जर्मन चीजकेकमध्ये) चालतो, फक्त चमचाभर कॉर्नस्टार्च जास्त घाला, नाहीतर कापताना पाणी सुटतं.

बाकी किरकोळ: बाकपुल्फरची एक पुडी ५०० ग्रॅम पिठाची, म्हणजे इथली साधारण साडेतीन टीस्पून बेकिंग पावडर, 'अॅल्युमिनियम-फ्री' घ्या, नाहीतर तोंडात धातूची चव राहते. ताज्या यीस्टच्या ४२ ग्रॅमच्या ठोकळ्याऐवजी ७ ग्रॅमच्या दोन पुड्या. बटरची कांडी ११३ ग्रॅम. १८० सेल्सिअस म्हणजे ३५०, २०० म्हणजे ४००, इतपत फरक चालतो. अंडी इथे धुऊन विकतात, त्यांच्यावरचं नैसर्गिक आवरण निघून गेलेलं असतं, तेव्हा फ्रिजबाहेर ठेवू नका. आणि मेट, म्हणजे कच्चं डुकराचं खिमा-मांस पावावर लावून, इथे नाहीच. इथला खिमा कच्चा खाण्यासाठी नसतो, १६० फॅरनहाइटपर्यंत शिजवायचा.

वरच्या प्रतिसादाला पुस्ती, औषधांची

पॅरासिटामॉल मागितलं तर समजणार नाही, अॅसिटामिनोफेन म्हणा. आयबुप्रोफेन चिठ्ठीविना २०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांत मिळतं, जर्मनीसारखं ४०० नाही. ५००-५०० गोळ्यांच्या बाटल्या किराणा दुकानात मिळतात. सर्दीच्या मिश्र औषधांतही अॅसिटामिनोफेन असतं, बेरीज करून घ्या.

मुलांच्या शाळाप्रवेशासाठी लसींचा जर्मन पिवळा इम्फपास थेट चालत नाही, तो स्थानिक डॉक्टरकडून राज्याच्या फॉर्मवर उतरवून घ्यावा लागतो. जर्मनीत हिपॅटायटिस ए नेहमीच्या वेळापत्रकात नाही, इथे आहे आणि बरीच राज्यं शाळेसाठी मागतात.

पत, म्हणजे क्रेडिट

शूफाचा (जर्मनीत पत नोंदवणाऱ्या संस्थेचा) इतिहास समुद्रापलीकडेच राहतो. इथला पतीचा फिको आकडा तयार व्हायला निदान एक खातं सहा महिने जुनं लागतं. गावातल्या क्रेडिट युनियनमध्ये (सहकारी पतसंस्थेत) ठेव देऊन सुरक्षित कार्ड घ्या, त्यावर फक्त पेट्रोल भरा, मर्यादेच्या ३० टक्क्यांखाली राहा, महिन्याला पूर्ण फेडा.

चेक लिहायची वेळ गावात येतेच, प्लंबर आणि शाळा दोघेही मागतात. जर्मन हाताचा १ वर लांब शेपूट घेऊन येतो आणि बँकेत ७ म्हणून वाचला जातो. इथे १ म्हणजे नुसती उभी रेघ. हजारांसाठी स्वल्पविराम, दशांशासाठी टिंब, आणि तारखेत महिना आधी.

कर आणि पेन्शन

अमेरिकेबाहेरची सगळी खाती मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरवर गेली तरी एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरायचा. त्यावर कर नाही, पण न भरण्याचा दंड भारी. जर्मन म्युच्युअल फंड आणि ईटीएफ अमेरिकन कायद्यात पीफिक (परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी) ठरतात. दर फंडाला वेगळा फॉर्म ८६२१, हिशेबाचं डोकं उठतं. निघण्याआधी विकावेत का, हे दोन्हीकडचं कळणाऱ्या सल्लागाराला विचारा. रीस्टर (सरकारी अनुदानाची खाजगी पेन्शन) खातं असेल तर युरोपीय संघाबाहेर गेल्यावर सरकारी अनुदान परत मागतात.

जर्मनी-अमेरिका सामाजिक सुरक्षा करार १९७९ पासून आहे. कंपनीने पाच वर्षांपर्यंत पाठवलं असेल तर प्रमाणपत्र दाखवून जर्मन वर्गणीच चालू राहते. कायमचे आलात तर दोन्हीकडची वर्षं पात्रतेसाठी जोडता येतात. भारताचा अमेरिकेशी असा करार नाही, त्यामुळे भारतातली वर्षं यात धरू नका. जर्मन पेन्शनमुळे अमेरिकन पेन्शन कापणारा नियम जानेवारी २०२५ मध्ये कायद्याने रद्द झाला, जुने लेख वाचून घाबरू नका.

घर

भिंत लाकडी सांगाड्यावरची अर्ध्या इंचाची जिप्सम पाटी आहे. उभे दांडे १६ इंचांवर असतात. स्टड फाइंडरने शोधून त्यांतच स्क्रू मारा. जर्मन डुबेल (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायची खुंटी) पाटीसकट बाहेर येतो.

स्टोसल्युफ्टेन, म्हणजे थोडा वेळ खिडक्या सताड उघडून हवा बदलायची जर्मन सवय, दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात बंद. खिडक्या उघडल्या की दमट हवा आत येते, थंड भिंतींवर पाणी धरतं, आठवड्यात बुरशीचा वास. एसीचा फिल्टर एक ते तीन महिन्यांनी बदला. बाण हवेच्या दिशेने. गावाबाहेर सेप्टिक टाकी असेल तर तीन ते पाच वर्षांनी उपसून घ्या आणि ओले वाइप्स टाकू नका. स्वतःची विहीर असेल तर पाणी वर्षातून एकदा कोलिफॉर्म व नायट्रेटसाठी तपासा.

वादळाबाबत: वॉच म्हणजे शक्यता, वॉर्निंग म्हणजे आत्ता. सगळ्यात खालच्या मजल्यावरची बिनखिडकीची खोली आधीच ठरवा.

टेक्सासहून, थोडक्यात

न्यू ब्राउनफेल्स १८४५चं, फ्रेडरिक्सबर्ग १८४६चं, दोन्ही जर्मनांनी वसवलेली. म्हणून तिथे जर्मन चालेल असं धरू नका. टेक्सास जर्मन आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी आहे. पहिल्या महायुद्धात ही भाषा दाबली गेली. आयोवाच्या गव्हर्नरने १९१८ मध्ये फोनवरही इंग्रजीच बोला असा हुकूम काढला होता. मुलांचं जर्मन (आणि मराठीही) घरात ठरवून बोलाल तरच टिकतं.

शेजाऱ्यांत मिसळायची जागा चर्च किंवा स्वयंसेवी अग्निशमन दल. चर्चकर नाही, वर्गणी आपखुशीची; सभासद नसलात तरी पॉटलकला (प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाला) चालतं. नऊ बाय तेरा इंचांच्या भांड्यात न्या, बुडाला नावाची पट्टी चिकटवा, वाढायचा चमचा बरोबर. गवत वेळेवर कापा, बऱ्याच गावांत उंचीची मर्यादा असते आणि नोटीस येते. रविवारी यंत्र चालवायला जर्मनीसारखी बंदी सहसा नाही, फक्त सकाळी चर्चच्या वेळेत टाळलेलं बरं.

नोकरीबद्दल दोन ओळी

पगारी रजा केंद्रीय कायद्याने शून्य. नोकरीच्या पत्रात लिहिलेलीच तुमची. जर्मनीत आजारपणात सहा आठवडे मालक पगार देतो, इथे अल्पकालीन अपंगत्व विमा आहे का ते रुजू होण्याआधी विचारा.

नागरिकत्व

२७ जून २०२४ पासून जर्मनांना अमेरिकन नागरिकत्व घेताना आधी परवानगी काढावी लागत नाही, जर्मन पासपोर्ट राहतो. त्याआधी परवानगीविना शपथ घेतली असेल तर नवा कायदा मागे लागू होत नाही. अजून एक: ३१ डिसेंबर १९९९ नंतर जर्मनीबाहेर जन्मलेल्या जर्मनाला परदेशात मूल झालं, तर एका वर्षात जर्मन वकिलातीत जन्मनोंदणीचा अर्ज हवा, नाहीतर मूल सहसा जर्मन ठरत नाही. इथे जन्मलेल्या मुलांच्या फायलीत हे लिहून ठेवा. जोडीदार भारतीय असेल तर त्याच्या बाजूने दुहेरी नागरिकत्व नाहीच, ओसीआय (परदेशस्थ भारतीय कार्ड).

मेलबॉक्स राहिला

रस्त्याकडेच्या पेटीचा तळ रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच उंच, दार कडेपासून ६ ते ८ इंच आत. चुकलं तर पोस्टमन टपाल टाकायचं थांबवू शकतो. दारावर आडनावाची पाटी लागत नाही, घरक्रमांक ठळक हवा. पाठवायचं पत्र तिकीट लावून त्याच पेटीत ठेवा आणि लाल निशाण वर करा. चेक असेल तर मात्र पोस्टात नेऊन टाका, पेटीतून चोरीला जातात.