खाडीकाठी जांभ्याची भिंत की तिवरं?

उधाणवारा: मालवणजवळच्या कालावल खाडीच्या आमच्या काठावरचे माड एकेक करून पाण्यात चाललेत, म्हणून आता जांभ्याच्या संरक्षक भिंतीची मागणी आहे. माझा विरोध. लाट भिंतीवर आपटून मागे फिरते, पायथ्याची माती उकरते, नि भिंत संपते तिथून पुढचा काठ आणखी जोरात खचतो, म्हणजे आपला माड वाचवायला शेजाऱ्याचा द्यायचा. चिपी-कांदळ अशी तिवरं असतील तर मुळांत पाण्याचा जोर मोडतो, गाळ बसतो, काठ भरत जातो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात २०११ च्या आयरीन वादळानंतर पाहणी झाली, त्यात निम्म्याहून जास्त भिंतींचं नुकसान झालेलं आणि खाऱ्या गवताचे काठ जवळपास जसेच्या तसे.

माडवाला: अमेरिका राहूदे. रोप मोठं व्हायला वर्षं लागतात, माझा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, येत्या पावसात जाणार. तोवर काय करू, मुळांची वाट बघू?

खारवाला: तिवरांचा कौतुक आमका नको सांगू. खाडीचा पाणी अडवणारो बांध फुटलो, त्येची उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, मोडली, खारा पाणी शेतात इला नि तिवरां वाढली. आता ती तोडूक गेलो तर गुन्हो! २०१८ चो हायकोर्टाचो निकाल वाच. भातशेती गेली ती गेलीच.

उधाणवारा: खारवाले, तुमचं खरंय, खार बांधाच्या आत तिवर लावा असं कोण म्हणतंय? बांधाच्या बाहेर, खाडीच्या अंगाला. तिथे तिवर असली की बांधावरचा मारा कमी होतो.

खारवाला: नि बिया आत येतत त्येचा काय?

चिखलपाय: उघाडीची झडप धड असली की बिया फारशा येत नाहीत, पण दुरुस्ती वेळेत करतो कोण! आणि भिंतवाले नि झाडवाले दोघेही वाळू उपशावर गप्प का? पंप लावून तळ खोल केला की काठ सुळकन खाली येतो, मग वर भिंत असो की कांदळ. शिवाय लावणीचे फोटो बघा, भरतीच्या मधल्या पातळीच्याही खाली, उघड्या चिखलात रोपं खुपसतात, अर्धा दिवस पाण्याखाली, मरणारच. आधी वाळू उपसा बंद, मग उतार सौम्य करून वरच्या पट्ट्यात लावा, नि अगदी कोसळत्या जागी पुढे दगडांची बुटकी रांग, मधे फटी सोडून.

माडवाला: बुटकी रांग चालेल मला. पण वाळू बंद करा म्हणून ग्रामसभेत पहिला हात कोण वर करणार, ते नाव सांगा.