‘रिफ्लेक्स’ला मराठीत एकच प्रतिशब्द पुरेल का?

प्रश्न – टिपणवही

नमस्कार मंडळी. गेली बारा वर्षे मी इंग्रजीतून मराठीत तांत्रिक मजकुराचे भाषांतर करतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ हा शब्द डोक्यात इतका पक्का बसला आहे, की ‘रिफ्लेक्स’ दिसला रे दिसला की बोटे आपोआप ‘प्रतिक्षिप्त’ असे टंकतात (हीसुद्धा प्रतिक्षिप्त क्रियाच म्हणायची). गेल्या महिन्यात या सवयीने माझी चांगलीच फजिती केली. एका जुन्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत मी ‘एकभिंगी प्रतिक्षिप्त कॅमेरा’ असे लिहिले, आणि मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढेच लिहून पाठवले : ‘कॅमेऱ्याला गुदगुल्या होतात का?’

त्यानंतर हा शब्द मला जिथे तिथे दिसू लागला आहे. भूमितीत तो कोनाला लावतात, फुलांच्या वर्णनात पाकळ्यांना लावतात, आणि सध्या हाती असलेल्या भाषाशास्त्रावरच्या लेखात तर ‘हात’ हा ‘हस्त’चा रिफ्लेक्स आहे, असे वाक्य आहे. या सगळ्यांना पुरेल असा एखादा मराठी शब्द आहे का, की प्रत्येक शास्त्रासाठी वेगळा शब्द योजावा लागेल?

उत्तर १ – गुडघ्यावरचा टोला

मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे. आता निवृत्त आहे. आधी शब्दाचे मूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘रिफ्लेक्टेरे’ म्हणजे मागे वाकवणे, आणि त्याच्या ‘रिफ्लेक्सुस’ या कृदन्तापासून हा शब्द आलेला आहे. इंग्रजीत नाम म्हणून तो आधी परावर्तित प्रकाशासाठी रुळला आणि शरीराकडे नंतर वळला. सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्रज वैद्यांनी अशी कल्पना मांडली, की संवेदना आत जाते आणि आरशावरून किरण परतावा तशी स्नायूंकडे परत येते. पुढे १८३३ मध्ये मार्शल हॉल यांनी मज्जारज्जूच्या या कार्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि हा शब्द वैद्यकात कायमचा स्थिरावला. म्हणजे ज्या अर्थाला आपण मूळ समजतो, तोच उसना आहे आणि आरसा त्याच्या आधीचा आहे.

गुडघ्याचे उदाहरण घ्या, कारण तिथे ‘परत येणे’ हाताने दाखवता येते. रुग्णाला टेबलाच्या कडेवर पाय लोंबते सोडून बसवतात आणि वाटीच्या किंचित खाली, स्नायुबंधावर, रबरी हातोडीचा हलका टोला देतात. त्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो, ती खबर कमरेच्या भागातील मज्जारज्जूपर्यंत पोहोचते, आणि तिथे दोन मज्जातंतूंमधला एकच सांधा ओलांडून आज्ञा त्याच स्नायूकडे परतते. स्नायूचा प्रतिसाद साधारण २० ते ३० मिलिसेकंदांत सुरू होतो. मेंदूला विचारायला कोणी जात नाही. एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी १८७५ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे याचे वर्णन केले. पाय उडतच नसेल, तर आम्ही रुग्णाला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढायला सांगतो आणि त्याच क्षणी टोला देतो. मग तो बहुधा उडतो.

तुमच्या टंकण्याला मात्र मी प्रतिक्षिप्त क्रिया म्हणू देणार नाही. ती वर्षानुवर्षांची सवय आहे, आणि फार तर तिला खाण्याची नुसती खूण मिळताच सवयीने लाळ गाळणाऱ्या पावलोव्हच्या कुत्र्याच्या पंगतीला बसवता येईल. क्रिकेटच्या समालोचनात स्लिपमधल्या झेलाला ‘काय रिफ्लेक्सेस आहेत’ म्हणतात, तिथेही डोळा पाहतो, मेंदू ठरवतो आणि सराव हात पुढे करतो. तिला सरळ चपळाई म्हणावे. डोळ्यासमोर चिलट येताच पापणी मिटते, ती मात्र खरी प्रतिक्षिप्त क्रिया.

उत्तर २ – काळी खोली

तपासणाऱ्या बाईंची शंका रास्त आहे. कॅमेऱ्यात उत्तेजना नाही आणि प्रतिसादही नाही. तिथे फक्त आरसा आहे. भिंगातून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो, वर वळतो, आणि दुधी काचेवर चित्र उमटते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, डोळ्यासमोर क्षणभर अंधार होतो आणि तो ओळखीचा ‘खटॅक्’ ऐकू येतो. ज्यांनी फिल्मवर काम केले आहे, त्यांना फोटो मिळाल्याची खात्री त्या आवाजानेच होत असे.

माझ्या मामांकडे १९२९ साली बाजारात आलेल्या रोलीफ्लेक्सच्या वंशातला, म्हणजे दोन भिंगांचा एक कॅमेरा होता. तो छातीशी धरून वरून खाली पाहायचा. आत आरसा एकच असल्यामुळे चित्र सुलटे दिसे, पण डावे-उजवे उलटे होई. अंगणातले पोर डावीकडे पळाले की काचेवर ते उजवीकडे पळताना दिसे, आणि नवखा माणूस कॅमेरा हमखास चुकीच्या बाजूला फिरवी. पंचकोनी लोलक आल्यावर ही कटकट मिटली. १९४९ चा ड्रेस्डेनचा कॉन्टॅक्स एस हा असा लोलक बसवलेल्या पहिल्या काही कॅमेऱ्यांपैकी होता. आता आरसाच काढून टाकलेले कॅमेरे आले आहेत आणि आरशाबरोबर नावातला ‘रिफ्लेक्स’ही गेला आहे.

पुस्तिकेत ‘सिंगल लेन्स रिफ्लेक्स’ असेच देवनागरीत लिहावे आणि पहिल्या उल्लेखाला ‘आरशाच्या रचनेचा कॅमेरा’ असा खुलासा जोडावा. उद्या स्पीकरची पुस्तिका आली, तर ‘बास रिफ्लेक्स’लाही प्रतिक्षिप्त करू नका. पडद्याच्या मागच्या बाजूने निघणारा आवाज खोक्यात वाया न घालवता भोकावाटे पुढच्या आवाजाच्या जोडीला बाहेर सोडण्याची ती युक्ती आहे.

उत्तर ३ – मूळरूप

भाषाशास्त्रातला अर्थ सर्वांत निसरडा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. जुन्या भाषेतील एखादा ध्वनी किंवा शब्द पुढच्या भाषेत ज्या रूपाने उरतो, ते रूप म्हणजे त्याचा रिफ्लेक्स. संस्कृत ‘हस्त’, प्राकृत ‘हत्थ’, मराठी ‘हात’. जोडाक्षराचे आधी द्वित्व झाले, मग द्वित्व सुटले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ झाला. ‘सप्त’चा ‘सत्त’ होऊन ‘सात’, ‘कर्ण’चा ‘कण्ण’ होऊन ‘कान’ आणि ‘दुग्ध’चा ‘दुद्ध’ होऊन ‘दूध’ झाले, ते याच वाटेने.

खरी गंमत ‘क्ष’मध्ये आहे. हिंदीत त्याचा बहुधा ‘ख’ होतो : क्षेत्राचे खेत, मक्षिकेची मक्खी, कुक्षीची कोख, इक्षूची ईख. मराठीत त्याच शब्दांचे शेत, माशी, कूस आणि ऊस झाले, कारण इथे ‘क्ष’ प्राकृतातील ‘छ’च्या मार्गाने ‘स’ किंवा ‘श’पर्यंत पोहोचला. म्हणजे उसाच्या शेतात बसलेल्या माशीवरून मराठी कोणत्या वाटेने आली, हे सांगता येते. अर्थात नियम इतका सोवळा नाही. ‘खीर’, ‘राख’, ‘काख’ हे ‘ख’वाले शब्दही आपल्याकडे आहेतच. झ्यूल ब्लोक या फ्रेंच विद्वानाने मराठीच्या घडणीवरच्या आपल्या १९२० च्या ग्रंथात अशा ध्वनिपरिवर्तनांचा कसून मागोवा घेतला आहे.

तुम्हाला ‘तद्भव’ लिहावेसे वाटेल, आणि ‘हात’च्या वाक्यात ते चालेलही. पण तद्भव हा शब्दांचा एक वर्ग आहे आणि रिफ्लेक्स हे दोन रूपांमधले नाते आहे. शिवाय आपल्याकडे तद्भव म्हणजे संस्कृतातून उत्पन्न झालेला शब्द. संस्कृत ‘पितृ’मधला ‘प’ आणि इंग्रजी ‘फादर’मधला ‘फ’ हे दोन्ही एकाच आदिम ‘प’चे रिफ्लेक्स आहेत, तिथे तद्भव कुणाला म्हणणार? मी ‘परिणत रूप’ असे लिहितो आणि ध्वनीविषयी बोलताना ‘परिणत ध्वनी’.

उत्तर ४ – कोनमापक

मी गणित शिकवते. १८० अंशांहून मोठ्या आणि ३६० अंशांहून लहान कोनाला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘प्रविशाल कोन’ म्हणतात. इंग्रजीने वाकण्याची प्रतिमा धरली, मराठीने ती सोडून नुसते आकारमान धरले, आणि मुलांना तेच सोपे जाते. पाकळ्यांचा अर्थ पाहायचा असेल, तर पावसाळ्यात सह्याद्रीत कळलावी पाहा : फूल मान खाली घालून लोंबते, पण तिच्या सहाही नागमोडी पाकळ्या देठाच्या दिशेने उलट्या वळून वर गेलेल्या असतात, आणि पुंकेसर आडवे पसरून उघडे पडतात. तिथे ‘मागे वळलेल्या’ याहून अवघड शब्द कशाला हवा?

प्रश्नकर्ता – टिपणवही

सर्वांचे मनापासून आभार. एकच शब्द शोधण्याचा नाद मी सोडला आहे. काय मागे वळते आहे आणि कुठून, हे आधी पाहायचे आणि मग त्या शास्त्राचा शब्द घ्यायचा, असे ठरवले आहे. त्यानुसार लेखात ‘परिणत रूप’ घातले, आणि पुस्तिका आरशाच्या खुलाशासह परत पाठवली. आज सकाळी मात्र छापखान्यातून निरोप आला, की मुखपृष्ठाची पट्टी ‘रिफ्लेक्स ब्लू’मध्ये आहे आणि ती शाई वाळायला फार वेळ घेते, म्हणून प्रती दोन दिवस उशिरा मिळतील. या निळ्याचे भाषांतर करायचा मोह मी आवरला आहे.

उत्तर ५ – गुडघ्यावरचा टोला

बरे केलेत. जाता जाता एक विनंती : छातीत जळजळते, त्या विकाराला पुष्कळ लोक ‘ॲसिड रिफ्लेक्स’ म्हणतात आणि ते तसेच छापूनही येते. तो शब्द ‘रिफ्लक्स’ आहे, म्हणजे उलटा प्रवाह. असा मजकूर तुमच्याकडे आला, तर तेवढे दुरुस्त करून घ्या.