बुटक्या जमातींना भाला शोभतो, आणि चालतोही

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळात हाफलिंग या बुटक्या जमातीच्या पात्राच्या हातात लांब दांड्याचं शस्त्र हास्यास्पद दिसतं, हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. माणसांच्या फौजांमधले पाईक, म्हणजे पायदळाचे लांब भाले, सुमारे 5 मीटर लांब असायचे, म्हणजे धरणाऱ्याच्या जवळपास तिप्पट. तेच प्रमाण 3 फुटी हाफलिंगला लावा, 9 फुटांचा भाला होतो. त्यात विचित्र काय आहे? उलट ज्याचे हात आखूड, त्यालाच लांब दांड्याची खरी गरज.

नियमांचं म्हणाल, तर डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत छोट्या जमातींना 'हेवी' (जड) शस्त्रांनी हल्ला करताना डिसअॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरावा लागतो. ग्लेव्ह, हॅलबर्ड, पाईक ही लांब दांड्याची तिन्ही शस्त्रं त्यात अडकतात. पण साधा भाला आणि क्वार्टरस्टाफ (लांब काठी) हेवी नाहीत, आणि पोलआर्म मास्टर हे पात्राला घेता येणारं खास कौशल्य दोन्हींना लागू होतं (भाल्याला नंतरच्या दुरुस्तीमुळे). 10 फुटांची पोच तेवढी मिळत नाही. ती हवीच असेल तर लान्स (घोडेस्वाराचा लांब भाला) घ्या आणि मध्यम आकाराच्या प्राण्यावर स्वार व्हा. घोड्यावाचून अडत नाही, आणि स्वार असताना लान्सला एकच हात पुरतो. मात्र शत्रू 5 फुटांच्या आत आला की लान्स गैरसोयीचा, तेव्हा सतत हलत राहावं लागतं.

2024 च्या नियमांत आकाराची अट गेलीच आहे. तिथे ही शस्त्रं नीट चालवायला स्ट्रेंग्थ (पात्राच्या ताकदीचा आकडा) किमान 13 लागते, बस. मला हे फार योग्य वाटतं. जुन्या आवृत्तीवर खेळत असाल तर एवढा एक नियम डीएमकडे (खेळ चालवणाऱ्याकडे) मागून बघा.