मदत हवी आहे: आईला घेऊन यल्लापूर, धबधबे आणि सिद्दी बायकांच्या गोधड्या

नमस्कार मंडळी,

फोंड्याहून लिहिते आहे. चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की दोन रात्रींसाठी कर्नाटकातल्या यल्लापूरला जायचं ठरतंय. मी, आई (वय ६८, गुडघे दुखतात) आणि इंग्लंडहून येणारा भाऊ. त्याचा पासपोर्ट पोर्तुगीज आहे, त्यामुळे एक शंका आहे, ती शेवटी विचारते.

धबधबे बघायचेच आहेत, पण आईचा जीव अडकलाय गोधडीत. ती आयुष्यभर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत आली. गेल्या वर्षी पणजीच्या एका प्रदर्शनात तिने सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, बायकांची गोधडी पाहिली आणि तिथून हलेचना. त्या कडेपासून सुरुवात करतात, तुकड्याला तुकडा जोडत आत मध्यापर्यंत येतात. चारही कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्यांना म्हणतात 'फुलं'. फुलांवाचून गोधडी उघडी, असं तिथली बाई आईला समजावत होती. तेही कोकणीत! जरा निराळी, मराठी मिसळलेली, पण आईला सगळं कळलं. घरी येताना तिने विचारलं, "ह्यांची भाषा आपल्यासारखी कशी गो?"

मग मी वाचायला घेतलं. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलेली माणसं. त्यांतले कित्येक घाटापलीकडे पळाले आणि यल्लापूर, हल्याळ, अंकोला, मुंडगोडच्या रानात राहिले. आज त्यांत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे आहेत. कर्नाटकातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. गोव्यात शिकून मला हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, याचं वाईट वाटतं. आम्ही जिथे सहलीला जाणार, तिथे ती माणसं जीव वाचवायला शिरली होती.

म्हणून विचारते. त्यांच्या वस्तीवर जायची रीत काय? गाडी थांबवून फोटो काढत सुटणं मला जमणार नाही. एका रिसॉर्टवाल्याने फोनवर "सिद्दी डान्स अरेंज करतो" म्हटलं, तेव्हा आईने हातानेच नको म्हणून खूण केली. तिला फक्त त्या बायकांबरोबर बसून शिवायचंय.

शिवाय: सातोडी आणि मागोड या धबधब्यांपैकी आईला कुठला झेपेल? रस्ता कारवार-अंकोल्यावरून घ्यावा की अनमोड घाटातून? आणि मुंडगोडची तिबेटी वसाहत त्याच फेरीत होईल का? भावाला तिथला मठ बघायची फार इच्छा आहे, पण पोर्तुगीज पासपोर्टवर त्याला तिथे जाता येईल का?

उत्तर १

ताई, मी दरवर्षी जातो. अंकोल्यावरून जा. वर चढताना अरबैल घाट लागतो, ट्रकांची रांग असते आणि पावसात दरडीची भीती. जुलै २०२१ मध्ये तिथे मोठी दरड येऊन रस्ता बंद पडला होता. त्यामुळे चवथीनंतर लगेच नको, पाऊस ओसरू द्या आणि घाट उजेडीच चढा. ऑक्टोबरातही पाणी भरपूर असतं.

आईंसाठी मागोड. बेडती नदी तिथे दोन टप्प्यांत कड्यावरून उतरते, उंची जवळजवळ २०० मीटर, आणि ते सगळं समोरच्या कठड्यावरून दिसतं. खाली उतरायचं कामच नाही. सकाळी लवकर गेलात तर नुसतं धुकं बघून परत याल, म्हणून ऊन वर आल्यावर जा. जवळच जेनुकल्लु गुड्डा आहे, म्हणजे मधाच्या दगडाची टेकडी. संध्याकाळ तिथे काढा. सातोडी उंचीला जेमतेम १५ मीटर, पण रुंद आणि देखणा. मात्र शेवटचा टप्पा पायी, रानातून. त्या गुडघ्यांना तो नको.

मुंडगोड १९६६ पासूनची वसाहत आहे, बघण्यासारखीच. पण परदेशी पासपोर्टवाल्याला तिथे संरक्षित क्षेत्राचा परवाना लागतो आणि तो यायला वेळ लागतो. भावाने अर्ज आत्ताच करावा, नाहीतर या खेपेला राहू दे.

उत्तर २

सिद्दी घरं रानात विखुरलेली असतात, दिवसा माणसं कामावर. अचानक जाऊ नका. गोधड्या करणाऱ्या बायकांचे गट आहेत, त्यांच्यामार्फत आधी कळवा. किंमत सांगतील ती द्या, घासाघीस करू नका, एका गोधडीला कित्येक दिवस जातात. आणि आईंना स्वतःची एक गोधडी बरोबर घ्यायला सांगा. ती उलगडली की पुढचं बोलणं आपोआप सुरू होईल.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा धरते आहे, भावाला परवान्याचं आजच कळवलं. आईने पेटी उघडून बसल्या बसल्या दोन गोधड्या काढल्या, पैकी एक अर्धवट आहे. तिला तीच न्यायची आहे, तिथे बसून कोपरे पुरे करायला. आता एकच सांगा, यल्लापूर गावातच तळमजल्यावर खोली मिळेल असं साधं लॉज कुणाला ठाऊक आहे का?