मदत हवी आहे : टॅक्सीला ‘किमान १२०० सीसी’ची अट अजून चालते का?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात टूरिस्ट परमिटवर गाडी चालवतो. परवा हिंजवडीतल्या एका कंपनीच्या पिकअप-ड्रॉपचं काम मिळत होतं, पण त्यांच्या फॉर्मवर अट : इंजिन किमान १२०० सीसी. माझी वॅगनआर ९९८ सीसीची. फाइल टेबलावरूनच परत. गंमत म्हणजे डिझायरसुद्धा ११९७ सीसीच भरते, पण ती चालते म्हणे!

मुंबईची जुनी काळीपिवळी पद्मिनी १०८९ सीसीची होती, ताकद जेमतेम ४० बीएचपी. माझी पेट्रोलवर ६५च्या आसपास देते. सीएनजीवर थोडी कमी पडते हे खरं. चार माणसं, डिकीत सिलेंडर, त्यावर बॅगा आणि खंबाटकीचा चढ, की दुसऱ्या गिअरवर यावंच लागतं. पण गावात कुठे लागतोय तेवढा जोर? सीसी मोजून पॅसेंजरला काय मिळतं? मागची सीट, डिकी, एअरबॅग बघा की.

आता मेव्हणा इलेक्ट्रिक घेतोय, हिरव्या पाटीची. तिला सीसीच नाही. केंद्राने २०१८मध्ये बॅटरीच्या गाड्यांना परमिटमधूनही सूट दिली. मग त्या रकान्यात त्याने काय लिहायचं, शून्य? की मोटरचे किलोवॅट?

कुणी अशी अट बदलून घेतली आहे का? अर्ज कुणाच्या नावे करायचा, ॲडमिन की ट्रान्सपोर्ट व्हेंडर? नमुना असेल तर कृपया टाका, सोमवारी पुन्हा जायचंय.